नाव ऐकू आले पाहिजे

विद्यापीठांच्या दीक्षान्त समारंभांचा हंगाम आला म्हणजे वृत्तपत्रांतून एक ठरावीक छायाचित्र प्रसिद्ध होते. मध्यभागी झगा परिधान केलेले कुलपती, एका हातास कुलगुरू, दुसऱ्या हातास सन्माननीय पाहुणे आणि पुढे गळ्यात सुवर्णपदक घातलेली एखादी विद्यार्थिनी. या छायाचित्राच्या चौकटीबाहेर, सभागृहाच्या अगदी शेवटच्या खांबाआड, एका टेबलाशी दोन-तीन माणसे उभी असतात. त्यांच्या अंगावर झगा नसतो, निमंत्रणपत्रिकेवर त्यांचे नाव नसते, आणि चहापानाच्या वेळी त्यांची आठवण झालीच तर ती सर्वांत शेवटी होते. व्यासपीठावर उच्चारला जाणारा प्रत्येक शब्द मात्र त्यांच्या बोटांखालून जातो. समारंभ सुरळीत पार पडला तर ही माणसे तेथे होती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. माइक मध्येच शिट्टी घालू लागला की सर्व माना एकदम मागे वळतात. लाऊडस्पीकरवाला, लाइटवाला, पडद्यावर चित्रे दाखविणारा आणि विंगेतून विद्यार्थ्यांची रांग पुढे सोडणारा, या मंडळींच्या कामाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. त्या कामाची हेळसांड करून आमची विद्यापीठे आपल्याच विद्यार्थ्यांचा उपमर्द करीत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पदवी ही वस्तुतः समारंभाची मिंधी नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने समारंभास पाठ फिरविली तरी त्याची पदवी बुडत नाही. प्रमाणपत्र टपालाने घरी येऊ शकते; अलीकडे ते डिजिलॉकरमध्ये पाहावयास मिळते. मग सभागृहात येऊन मिळावयाचे ते काय? आपले नाव चारचौघांत, अधिकारवाणीने, मोठ्याने उच्चारले जाते, आणि ते आपली माणसे ऐकतात, एवढेच. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. सावंतवाडीकडून रात्रभर प्रवास करून आलेल्या आईला कुलपतींच्या भाषणातील राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी काही कर्तव्य नसते. तिला एक नाव ऐकावयाचे असते. तिचे आसन गॅलरीत किंवा बाहेरच्या मंडपात पडद्यासमोर असते, आणि नेमके ते नाव उच्चारले जात असताना पडदा काळा पडतो, अथवा ध्वनिक्षेपकातून नुसती घुमघूम ऐकू येते. त्या बाईंचा समारंभ तेथेच संपला. तो पुन्हा होत नाही. नाटकाचा आजचा प्रयोग फसला तर उद्याचा असतो. दीक्षान्त समारंभात प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रयोग एकच, आणि तोही जेमतेम सात-आठ सेकंदांचा.

मुंबई विद्यापीठाचे सर कावसजी जहांगीर सभागृह घ्या. कावसजींनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिलेली आणि १८७४ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने आखली. तिचे सारे आराखडे त्याने लंडनमध्ये बसून काढले. मुंबईत त्याने पाऊलही ठेवले नाही. हे सभागृह सुमारे १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद आणि ६३ फूट उंच आहे. येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात मध्यम आकाराचे नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावे असे सांगितले आहे. हात दीड फुटाचा धरला तर हे माप ९६ फूट आणि ४८ फूट असे येते. भरताचे नावही स्कॉटच्या कानी गेले असण्याची शक्यता नाही. तरी दोघे जवळजवळ एकाच मापावर आले. मात्र भरताने त्या मापाचे कारणही देऊन ठेवले आहे. नाट्यगृह याहून मोठे केले तर नटाचे बोलणे विस्वर होते, अस्पष्ट होते. ६३ फूट उंचीचे छत आणि चहूबाजूंच्या दगडी भिंती हा प्रकार त्याच्या हिशेबात नव्हता.

दगड आवाज शोषीत नाही, तो परतवितो. उच्चारलेले एक अक्षर विरण्यापूर्वीच पुढचे तीन-चार शब्द त्यावर येऊन आदळतात आणि सर्वांचा मिळून एक गोळा होतो. या दुखण्याचे शास्त्र प्रथम एका विद्यापीठातच जन्मास आले, हे आमच्या विद्यापीठांच्या धुरीणांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालयात नवेकोरे व्याख्यानगृह बांधले, आणि त्यात व्याख्यात्याचे बोलणे कोणास कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकावर ते दुरुस्त करण्याची कामगिरी सोपविण्यात आली. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणाव्यात, त्या व्याख्यानगृहात मांडून घुमण्याचा काळ मोजावा, आणि सकाळ होण्यापूर्वी परत नेऊन ठेवाव्यात, असा क्रम दीर्घकाळ चालविला. दालनाचे आकारमान आणि त्यातील वस्तूंची ध्वनी शोषण्याची शक्ती यांवर घुमणे अवलंबून असते हा नियम त्याला त्यातून गवसला, आणि १९०० मध्ये उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्या नियमाच्या आधारे बांधले गेले. तेथील विद्यापीठाने आपल्या दालनात ऐकू येत नाही ही गोष्ट शास्त्राचा प्रश्न मानली. आम्ही तिला मंडपवाल्याचा प्रश्न मानतो.

आता दगडी सभागृहात गाद्या टांगता येत नाहीत; शिवाय २०१८ पासून ही वास्तू मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिच्या भिंतीत साधा खिळा ठोकावयाचा म्हटला तरी दहादा विचार करावा लागतो. अशा ठिकाणी उपाय यंत्रांचा आणि त्याहून अधिक अकलेचा असतो. समोर दोन प्रचंड ध्वनिक्षेपक उभे करून आवाज चढविला की काम झाले, ही समजूत उत्सवी मंडपात शोभेल. दगडी सभागृहात आवाज चढविला तर घुमणेही तेवढेच चढते. त्याऐवजी लहान, अरुंद, खांबासारखे ध्वनिक्षेपक दोन्ही बाजूंस अंतराअंतराने उभे करावे लागतात आणि त्यांचे तोंड छताकडे न ठेवता माणसांकडे ठेवावे लागते. त्यातही एक मेख आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, तर तारेतून संदेश तत्क्षणी पोहोचतो. म्हणून १०० फुटांवरील श्रोत्याला शेजारच्या ध्वनिक्षेपकातून शब्द आधी ऐकू येतो आणि व्यासपीठावरून तोच शब्द सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाने मागाहून येतो. हा फरक मोजून मागचे ध्वनिक्षेपक तेवढे मागे रेटावे लागतात. मागल्या रांगेतील आजोबांना नातीचे नाव एकदाच आणि स्वच्छ ऐकू येते ते या हिशेबामुळे. हा हिशेब रिकाम्या सभागृहात केला तर भरलेल्या सभागृहात पुन्हा तपासावा लागतो, कारण माणसांची अंगे आणि कपडे आवाज शोषतात. समारंभाच्या दिवशी सकाळी दहाला आत सोडलेल्या आणि अकराला मिरवणूक सुरू होणार असे सांगितलेल्या माणसाने हे सारे केव्हा करावे?

वक्त्यांविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. माइकवर टिचकी मारणे, त्यात फुंकर घालणे, भाषण करताना मान वळवून व्यासपीठावरील मान्यवरांकडे पाहत राहणे आणि ऐकू येत नाही अशी ओरड झाली की मागच्या टेबलाकडे डोळे वटारणे, हे आमच्या सार्वजनिक जीवनातील पाच-सहा मान्य संस्कारांपैकी आहे. तोंड आणि माइक यांतील अंतर दुप्पट झाले की माइकपाशी पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश उरते. ती भरून काढण्यास टेबलावरच्या माणसाने आवाज चढविला की शिट्टी वाजते. शिट्टी वक्त्याची असते, शिव्या मात्र माइकवाल्याच्या वाट्याला येतात. महनीय पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी लहरीरोधक यंत्रे आणली जाण्याचा संभव असेल तेथे केवळ बिनतारी माइकवर भरवसा ठेवणे शहाणपणाचे नव्हे, शेजारी तारेचा माइक हवाच, ही साधी गोष्टही पुष्कळदा ऐनवेळी आठवते.

परंतु सर्वांत नाजूक प्रश्न नावांचा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील थॉमस जेफरसन विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयाच्या मे २०२४ मधील पदवीदान समारंभात नावे वाचणाऱ्या बाईंनी एकामागून एक नावांची अशी मोडतोड केली की तो प्रकार जगभर पाहिला गेला. ‘थॉमस’ हे नावदेखील त्यांना धड उच्चारता आले नाही, आणि ते तर विद्यापीठाच्याच नावात आहे! विद्यापीठाने मागाहून क्षमा मागितली आणि खुलासा केला की, वाचणाऱ्यांच्या हाती दिलेल्या पत्रिकांवर नावांचे उच्चार ज्या रीतीने लिहिले होते त्यामुळे हा घोटाळा झाला. हसे बाईंचे झाले. चूक पत्रिका तयार करणाऱ्या व्यवस्थेची होती.

आपण त्यांना हसावे अशी आपली स्थिती नाही. आपल्याकडे मराठी मुलामुलींची नावे रोमन लिपीत छापून वाचणाऱ्याच्या हाती देण्याची प्रथा पडली आहे. रोमन लिपीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘ठ’ आणि ‘थ’ यांत भेद नाही, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. काळ्यांचे काले, आणि काल्यांचे काय होईल ते परमेश्वर जाणे! मराठी नावाची ही दशा, तर वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातील, भिवंडीच्या मोमिनांच्या घरातील किंवा धारावीच्या तमिळ वस्तीतील मुलांच्या नावांचे हाल सांगावयास नकोत. चार वर्षे हजेरीपटावर ज्याचे नाव चुकले त्याचे ते निदान निरोपाच्या दिवशी तरी बरोबर यावे, ही अपेक्षा अवाजवी आहे काय? याला खर्च जवळजवळ नाही. नावे देवनागरीतही मागवून घ्यावीत. परदेशांत अनेक विद्यापीठे विद्यार्थ्याकडून त्याच्याच आवाजात नाव आधी मुद्रित करून घेतात व वाचणारा ते ऐकून तयारी करतो. प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आलेल्या या काळात आपल्यालाही ते अशक्य नाही. यंत्राने बनविलेल्या आवाजात नावे वाचण्याचे प्रयोगही तिकडे सुरू झाले आहेत. आम्हांस ते रुचत नाहीत. ज्याने तीन-चार वर्षे शिकविले त्याच्या तोंडून नाव निघावे, त्यासाठी त्याला आदल्या दिवशी तासभर बसवून यादी वाचून घ्यावी.

नावांच्या मागे रांग असते, आणि रांग सांभाळणे ही स्वतंत्र विद्या आहे. एका नावास सात सेकंद लागले तर ५०० विद्यार्थी ५८ मिनिटांत व्यासपीठ ओलांडतात. तेच बारा सेकंद लागले तर एक तास चाळीस मिनिटे होतात, पाहुण्यांचे विमान चुकण्याची वेळ येते आणि मग शेवटच्या शंभरांची नावे एका दमात उरकली जातात. रांगेतील त्रेचाळिसावा विद्यार्थी गैरहजर असेल आणि ही वार्ता विंगेतून नाव वाचणाऱ्यापर्यंत, पदकांच्या तबकापर्यंत आणि पडद्यावर नावे दाखविणाऱ्यापर्यंत एकाच क्षणी पोहोचली नाही, तर चव्वेचाळिसाव्यापासून प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचे पदक आणि डोक्यावर तिसऱ्याचे नाव! राष्ट्रगीताचे ५२ सेकंद, २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकृत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’, विद्यापीठगीत, मिरवणुकीचे संगीत, हे सारे नेमक्या क्षणी सुरू आणि नेमक्या क्षणी बंद व्हावे लागते. मराठी रंगभूमीवरील कोणताही व्यवस्थापक सांगेल की, अशा प्रयोगास किमान दोन तालमी लागतात. विद्यापीठात तालीम होते ती झगा कोणी कोणत्या क्रमाने घालावा याची.

मग हे काम करते कोण? बहुतेक ठिकाणी न्यूनतम दराची निविदा भरणारा कंत्राटदार. मंडप, खुर्च्या, पुष्पगुच्छ, चहा आणि ध्वनिव्यवस्था हे सर्व एकाच निविदेत असते आणि ज्याची खुर्ची स्वस्त त्याचाच माइक पत्करावा लागतो. कंत्राटदार पुढे दुसऱ्यास काम देतो, दुसरा तिसऱ्यास. शेवटी जो मुलगा पहाटे चारला टेम्पोतून पेट्या उतरवितो त्याला आपण कोणाचे नोकर आहोत हेही धड ठाऊक नसते. तो रात्रभर दुसऱ्या एखाद्या लग्नात जागलेला असतो. विजेची जोडणी, जमिनीशी जोडलेली तार, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तत्क्षणी प्रवाह तोडणारा खटका, डोक्यावर टांगलेल्या दिव्यांच्या चौकटीस दुसरी सुरक्षातार, या गोष्टी निविदेच्या दरात बसत नाहीत म्हणून वगळल्या जातात. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादनजीकच्या रामोजी फिल्म सिटीत एका कंपनीच्या समारंभात वरून रंगमंचावर उतरविल्या जाणाऱ्या पिंजऱ्याची तार तुटली आणि त्या कंपनीच्या प्रमुखाचा बळी गेला. आमची विद्यापीठे अद्याप कुलगुरूंना छतावरून उतरवू लागलेली नाहीत हे खरे. पण डोक्यावर दिवे टांगतात, आणि त्याखाली विद्यार्थी उभे असतात.

माइकवाला हा शब्द मुंबईत एके काळी असा हलका नव्हता. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओने केले. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या अनेक जुन्या छायाचित्रांत माइकवर ती नावाची पाटी आजही वाचता येते. लक्षावधी लोकांपर्यंत नेत्यांचा शब्द पोहोचला त्यात या तारा ओढणाऱ्यांचा वाटा होता, आणि नेतेही तो जाणत होते. मराठी नाटकाची जाहिरात पाहा. लेखक-दिग्दर्शकांच्या खाली नेपथ्य कोणाचे, प्रकाशयोजना कोणाची, संगीत कोणाचे हे छापलेले असते. रघुवीर तळाशीलकरांचे नेपथ्य आहे म्हणून नाटकास जाणारा प्रेक्षक या शहराने पाहिला आहे. विद्यापीठाच्या कार्यक्रमपत्रिकेत अधिष्ठात्यांपासून उपकुलसचिवांपर्यंत सर्वांना स्थान असते. ध्वनी आणि प्रकाश सांभाळणाऱ्यास एक ओळही मिळत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे. समारंभाचा थाटमाट कमी करावा असे सगळे म्हणत असताना तुम्ही नवा खर्च काय सुचविता? वस्तुतः आमचा वाद थाटमाटाच्या बाजूचा नाहीच. एप्रिल २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या समारंभात झगा काढून ठेवला तेव्हापासून झग्यावर देशभर चर्चा झाली. तो हातमागाचा असावा असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सांगितले. झगा कोणत्या कापडाचा यावर एवढे मंथन झाले. झगा घातलेल्याचे नाव ऐकू येते की नाही, यावर एखादे परिपत्रक निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि तंत्राची किंमत विद्यापीठांस कळतच नाही असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, साथीच्या काळात, मुंबईच्या आयआयटीने आपल्या विद्यार्थ्यांच्या संगणकीय प्रतिमा तयार केल्या आणि संचालकांच्या प्रतिमेच्या हस्ते त्या प्रतिमांना पदव्या दिल्या. काहींना तो पोरखेळ वाटला. आम्हांस वाटला नाही. घरात कोंडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास त्याचा स्वतंत्र क्षण मिळावा म्हणून एका संस्थेने महिनोन्‌महिने डोके चालविले, हे मोलाचे होते. संकटात जे सुचले ते संकट टळल्यावर का सुचू नये?

माणसे बाहेर शोधावयास जाण्याचीही गरज नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात नाट्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय आहे, पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. तेथे प्रकाश, ध्वनी आणि रंगव्यवस्था शिकविली जाते. या विभागांतील अध्यापकाच्या हाताखाली विद्यापीठाचा कायम तांत्रिक कक्ष असावा, त्यात दोन-तीन वेतनश्रेणीतील तंत्रज्ञ असावेत, विद्यार्थ्यांनी तेथे मोबदला घेऊन उमेदवारी करावी, आणि वर्षभर विद्यापीठाची सर्व व्याख्याने व परिषदा याच कक्षाने सांभाळाव्यात. संलग्न महाविद्यालये आपापले पदवीप्रदान करतात, त्यांनाही या कक्षाने माणूस आणि सल्ला पुरवावा. तालुक्याच्या महाविद्यालयात तर पत्र्याच्या छताखाली समारंभ होतो आणि तेथील घुमणे दगडालाही लाजवील असे असते. जेथे कंत्राट देणे भागच असेल तेथे ध्वनी-प्रकाशाची निविदा खुर्च्यांपासून वेगळी काढावी आणि तींत तालमीचा पूर्ण दिवस, पर्यायी वीज, विजेची सुरक्षितता व कामगारांचे किमान वेतन यांचा उल्लेख असावा.

व्यासपीठास चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवा. तो मागच्या दाराने नेणारा नसावा. सर्व विद्यार्थी जेथून चढतात तेथूनच हवा. सांकेतिक भाषेत सांगणारा दुभाषी पडद्यावर स्पष्ट दिसेल एवढ्या प्रकाशात उभा असावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आहे. त्याची आठवण विद्यापीठास अर्जदाराने करून द्यावी लागू नये. आणि सभागृह अपुरे पडते म्हणून हिरवळीवर कर्णे लावताना २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांकडेही लक्ष असावे. उघड्या जागेस अनुमती लागते. आणि फोर्टच्या संकुलाला तर उच्च न्यायालयाचा शेजार आहे.

मार्च महिन्यात विद्यापीठांचे अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतात. त्यांत दीक्षान्त समारंभाच्या नावाने एक रक्कम असते. ती चर्चेविना मंजूर करण्यापूर्वी अधिसभा सदस्यांनी कुलसचिवांना दोन प्रश्न विचारावेत: गेल्या समारंभात ध्वनिव्यवस्थेस सभागृह किती तास आधी मिळाले होते, आणि नावांची यादी कोणत्या लिपीत होती? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर ती आम्ही याच पानावर आनंदाने छापू.